डोंगरावर राहिलेली होडी

हंसाताई, तुझं बारावं काल झालं. आज सकाळपासून मी टेबलाशी बसले आहे आणि ब्रश कोरडाच आहे. दमले आहे, दुसरं काही नाही. माणूस गेल्यावर रडू येतं हे ठाऊक होतं, पण इतका थकवा येतो हे कुणी सांगितलं नव्हतं. चहाचं भांडं घासताना थकवा, दाराला कडी लावताना थकवा. तू असतीस तर म्हणाली असतीस, "वृंदे, कुठून आला विचार त्याला, आणि उंबरगावच्या बसमध्ये बसवून परत पाठव." मी म्हणाले असते, पुरे. तुला मी जितक्या वेळा पुरे म्हटलंय तितकं जन्मात कुणाला म्हटलं नसेल.

समोर आपल्या होडीचं पुस्तक पडलंय. सगळी पानं रंगवून झाली, शेवटचं सोडून. पुस्तकात होडी अजून डोंगरावरच आहे. तू तिला वर चढवलीस आणि उतरवायच्या आधी स्वतःच निघून गेलीस. या एका गोष्टीचा मला तुझ्यावर राग आहे आणि तो मी झाकून ठेवणार नाही. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. तुझ्यावर रागावल्याशिवाय माझं एकही पुस्तक पुरं झालेलं नाही, मग हेच कसं होईल?

पुण्याहून आपल्या संपादक मॅडमचा फोन आला होता. तुझ्याबद्दल फार चांगलं बोलल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "वृंदाताई, शेवट तुमचाच ठेवू या का? होडी वर राहते तोच. आता त्याबद्दल वाद उरलेला नाही ना." बरोबरच आहे त्यांचं. टाळी एका हाताने वाजत नाही, तसा वादही एकटीने होत नाही. ज्या शेवटासाठी मी तुझ्याशी एवढी भांडले तो मला असा आयता मिळत होता. बारावं झालं की कळवते म्हणाले आणि फोन ठेवला. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

आमच्या घोलवडच्या नर्सरीत तू पहिल्यांदा आलीस ती चिकूचं कलम मागायला. झाईच्या अंगणवाडीची बाई तू, अंगणात लावायला झाड हवं होतं. मी नुकतीच मुंबईची नोकरी सोडून घरी परतले होते आणि वडिलांच्या हाताखाली पिशव्यांत माती भरत होते. माझे वडील सरळ माणूस. त्यांनी विचारलं, "बाई, मागच्या वर्षी एक नेलं होतंत, ते जगलं का?" तू अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणालीस, "जगलं ना भाऊ. झ्याक जगलं. पण पोरं रोज त्याला विचारायची, चिकू कधी देणार, चिकू कधी देणार. त्या कटकटीला कंटाळून ते उंबरगावला गेलं. तिथं मावशी हाय त्याची."

वडिलांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. रागवावं की हसावं हे त्यांना कळेना. खरं म्हणजे ते कलम बकरीने खाल्लं होतं. हे तू मला खूप वर्षांनी सांगितलंस, तेही मी खोदून खोदून विचारल्यावर. वडील मात्र त्या दिवसापासून गुजरातकडे जाणारं कुणी भेटलं की सांगायचे, "आमचं एक कलम आहे उंबरगावला, दिसलं तर बघा." आमच्या घरात तोवर कामाशिवाय कुणी खोटं बोललेलं नव्हतं. तू ती सवय लावलीस. वडिलांच्या म्हातारपणाची शेवटची वर्षं त्या एका कलमाने पुष्कळ हलकी केली, आणि त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहूनच गेले.

त्याच दिवशी मातीच्या पिशवीवर मी मार्करने काढलेली कोंबडी तुला दिसली. तू वाकून बघितलीस आणि विचारलंस, "हिला कुठं जायचंय?" मी म्हटलं, कुठे नाही, नुसती कोंबडी आहे. "नुसती कोंबडी कुणाला पायजे," तू म्हणालीस आणि कलम काखोटीला मारून चालू लागलीस. मी मुंबईत कितीतरी मोठ्या लोकांकडून चित्रकला शिकले. पण चित्रातल्या कोंबडीला कुठेतरी जायचं असावं लागतं, हे त्यांच्यापैकी कुणी मला सांगितलं नव्हतं.

आपलं पहिलं पुस्तक त्या पळून गेलेल्या कलमाचंच. कलम बसमध्ये चढतं, कंडक्टर त्याला अर्धं तिकीट देतो, शेजारची बाई त्याच्या कुंडीत चुकून पानाची पिचकारी टाकते. मी चित्रं काढून अंगणवाडीत घेऊन आले. आपली पद्धत तेव्हाच पडली. मुलं खिचडी खायला बसली की तू गोष्ट सांगायचीस, मी एकेक पान वर धरायचे, आणि आपण दोघी मुलांच्या हातांकडे बघायचो. घास तोंडाकडे जाता जाता हात थांबला की समजायचं, इथे काहीतरी झालं. गोष्ट रंगली म्हणून थांबला की बिघडली म्हणून थांबला, ते फक्त तुला कळायचं. मला कधीच कळलं नाही.

कलम बसमध्ये चढलं, कुणाचा हात थांबला नाही. एकाने तेवढं विचारलं, खिडकी मिळाली का त्याला. मग शेवटचं पान आलं. मागे मी किनारा काढला होता, आणि दोरीवर सुकत घातलेले बोंबील, प्रत्येकाला कपड्यांसारखा एकेक चिमटा. लाल, निळे, पिवळे चिमटे. फार खुलले होते. सगळे हात एकदम थांबले. एक मुलगा म्हणाला, "बाय, हे खोटं हाय." झाड बसने मावशीकडे जातं ते खरं, आणि चिमटे खोटे. ज्या घरात मासळी शिजत नाही त्या घरातलीच माणसं अशी चूक करणार.

पण मला आठवतं ते पुढचं. तू त्या मुलाला रागावली नाहीस, मला सावरून घेतलं नाहीस. नुसतं म्हणालीस, "बोललास ना खोटं? आता पुढचं तू सांग." तो लाजला, खिचडीत बोट फिरवत बसला, आणि मग त्याने सांगितलं की वारा आला, त्याने सगळे चिमटे उडवून नेले आणि ते आभाळात जाऊन पोपट झाले. माझे चिमटे सुटले. पुस्तकात ते पोपट आजही आहेत. वाचणाऱ्यांना वाटतं ते मला सुचले.

ती तुझ्या घरची रीत होती, हे मला नंतर समजलं. जाळी सांधायला सगळे बसले की कुणीतरी थाप सुरू करायचं आणि ज्याने "खोटं" म्हटलं त्याच्या गळ्यात पुढची गोष्ट पडायची. मग सुटका नाही. मला तो घरगुती खेळ वाटला होता.

त्या चिमट्यांच्या दिवशी पुस्तक मिटल्यावर तू मला किनाऱ्यावर नेलंस, माझ्या दोन्ही हातांत एकेक ओला बोंबील ठेवलास आणि म्हणालीस, टांग. एकेक टांगायला गेले, दोन्ही घसरून वाळूत. इतकी मऊ वस्तू मी तोवर हातात धरली नव्हती. तू ते उचललेस, धुतलेस, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवलास आणि जोडी दोरीवर टाकलीस. चिमटा नाही, गाठ नाही. "एकटा राहत नाय गं तो," तू म्हणालीस. "दुसऱ्यानं धरलं तर राहतो." परत येताना रस्त्यातच तू दुसऱ्या पुस्तकाची गोष्ट रचलीस. त्यातले दोन बोंबील कडाकडा भांडतात, पण तोंडात तोंड असल्यामुळे एकाचं दुसऱ्याला कळत नाही, आणि वाळून हलके होईपर्यंत भांडण कशावरून होतं तेच विसरतात. माझ्या हाताचा वास घरी तीन साबणांनी गेला नाही. आई म्हणाली, आजपासून तुझं ताट वेगळं. ते ती गमतीने म्हणाली की खरंच, ते मी विचारलं नाही.

आता होडीकडे येते. टाळून किती टाळणार.

एक छोटी होडी असते. समुद्रात गेली की तिला लांब महालक्ष्मीचा डोंगर दिसतो, जत्रेत वर लावलेला झेंडा दिसतो, आणि तिला वाटतं तिथे दुसरी कुठली तरी होडी नांगर टाकून बसली आहे. बिचारी एकटीच आहे, तिला भेटून यावं. मग ती निघते. दोरीवर वाळत घातलेली कुणाची तरी साडी शिडाला मागून घेते. घोलवडच्या वाडीत चिकूच्या झाडांना सांगते, जरा पाय आखडून घ्या. गंजाडला शेतात भाताची रोपं तिला समुद्र समजून लाटा करून दाखवतात. आणि डोंगराच्या पायथ्याशी ताडाची झाडं तिला चेंडूसारखी एकीकडून दुसरीकडे झेलत झेलत वर पोचवतात. वर गेल्यावर कळतं, होडी नाहीच, नुसता झेंडा आहे. किती सुंदर गोष्ट होती ती. तू सांगताना ताडाच्या झाडांसारखे हात करायचीस आणि तुझा दुखरा खांदा विसरायचीस.

मी म्हटलं, बस, इथेच थांबू या. होडी वर राहते. चिमण्या तिच्यात घरटं करतात, पावसाचं पाणी साठतं, डोंगरावरची मुलं तिच्यात बसून समुद्र समुद्र खेळतात. मला तो शेवट मनापासून आवडला होता, अजूनही आवडतो. आपण गंजाडच्या पाड्यावर जाऊन तो सांगितलाही. माझ्या स्कूटरवर तू मागे, मांडीवर चित्रांची पिशवी. तिथली मुलं खुळावली होती. त्यांनी होडीला नावं सुचवली. एक मुलगी उठून म्हणाली, "तिला आमच्याकडंच राहू दे." परत येताना मी तुला म्हटलं, बघितलंस? तू मागून काही बोलली नाहीस. तू गप्प बसलीस की मला धास्ती वाटायची.

मग झाई. तोच शेवट, तेच कच्चं पान. खिचडी नुकतीच वाढली होती. पहिल्याच ओळीत तुझी नात, जिया, बसली होती. तिचा हात थांबला. मग शेजारच्याचा, मग त्याच्या मागच्याचा. मला वाटलं रंगली. जियाने ताटली खाली ठेवली आणि विचारलं, "मग ती घरी कधी येते?" मी म्हटलं, नाही येत, ती आता तिथेच राहते, मजेत आहे. पण तिने परत खिचडीला हात लावला नाही, आणि तिचं बघून बाकीच्यांनीही. एवढी शिजवलेली खिचडी त्या दिवशी तशीच राहिली.

"बघितलंस?" आता तू म्हणालीस.

मी चिडले. म्हटलं, हंसाताई, प्रत्येक गोष्टीत सगळ्यांना घरी आणून झोपवलंच पाहिजे का? कल्पनेला तरी मोकळं सोड. मुलांना एवढी बोच सोसते. तू फळा पुसत होतीस. पुसून झाल्यावर म्हणालीस, "तुझ्या चिकूला पाय नाय, तो जागेवर असतो. आमचं तसं नाय. होडी यायच्या वेळेला आली नाय तर माझी आई ताटावर बसत नव्हती. आम्ही पोरं पण नाय. सगळ्या बाया जाळं घेऊन ओट्यावर बसायच्या आणि एकीनं थाप सुरू करायची. होडी दिसेपर्यंत थाप संपली नाय पायजे. खोटं कोण बोलणार तिथं? जी बोलेल तिनं पुढचं सांगायचं, होडी येईस्तोवर."

मला तोवर वाटत होतं तू गमतीने थापा मारतेस. तसं असतं तर मी तुझ्याशी बरोबरीने भांडले असते. त्या दिवशीही भांडले, पण आवाज बसला होता.

तू म्हणालीस, होडी उतरणार. मी म्हटलं, कशी? ताडांनी वर फेकली, पण खाली कोण झेलणार? तो डोंगर सरळ उभा आहे, तूच तसा सांगितलास, मी तसाच काढला. आणि तुला उत्तर सापडेना. वडाच्या पारंब्या धरून बघितल्यास, नको म्हणालीस, त्या पायथ्यापर्यंत पोचत नाहीत. पुराचं पाणी आणलंस, ते गंजाडची शेतं बुडवेल म्हणून परत पाठवलंस. तुझ्या थापांना एवढे नियम असतात हे बाहेरच्यांना सांगितलं तर पटणार नाही. मी म्हटलं, सुचत नाही तर माझा शेवट घे. तू म्हणालीस, "चढवली मी, उतरवीन पण मीच. तू हात लावू नको."

मग वलसाडच्या हॉस्पिटलच्या खेपा सुरू झाल्या. तुला घरी आणल्यावर मी आले तेव्हा तू ओट्यावर पडून होतीस, उशाला तुझीच जुनी साडी गुंडाळून. इतकी बारीक झाली होतीस की मला बघवेना. मी आजाराबद्दल विचारलं, तू होडीबद्दल बोललीस. "जरा दम खाते, मंग उतरवते तिला," म्हणालीस. मी म्हटलं, राहू दे आता होडी. त्यावर तू माझ्याकडे असं बघितलंस की मी चहा करायला आत गेले. जाताना तुला बरंच काही सांगायचं होतं. तुझ्याशिवाय मी नुसत्या कोंबड्या काढत बसले असते, हे सांगायचं होतं. त्याऐवजी म्हणाले, पुढच्या आठवड्यात येते, तोवर उतरव. तू हसलीस. बाकीचं राहिलं ते राहिलंच.

तुझी लेक चेतना तशी धीराची. फोनवर तिने एकच वाक्य म्हटलं, "वृंदामावशी, आई गेली." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "खोटं."

मग तिने फोन ठेवला.

त्यानंतरचे दिवस मी तुझे व्हॉट्सअ‍ॅपवरचे जुने आवाज ऐकण्यात घालवले. पहाटे उठून पाठवायचीस ते. वाटलं, एखाद्यात होडी उतरत असेल, माझ्याच लक्षात आलं नसेल. एकातही नाही. सगळ्यांत तू मला विचारलंयस, जेवलीस का.

काल तुझ्या घरी आले तेव्हा विधी उरकले होते. पुरुषमाणसं बाहेर मांडवात जेवत होती. आतल्या खोलीत आम्ही बायका, तुझी जाऊ, शेजारच्या, चेतना, आणि तिच्या मांडीला टेकून जिया. ताटं वाढली होती. कुणी हात लावत नव्हतं. चेतनाने आठवडाभर धड खाल्लेलं नाही, तुझी जाऊ मला हळूच म्हणाली. घराच्या मोठ्या बाईने सुरुवात करायची; तुझी जाऊ वेगळ्या चुलीची, तेव्हा या घरची मोठी बाई आता चेतनाच. तिच्या ताटातला भात थंड होत होता. उघड्या दारातून किनाऱ्यावरच्या बोंबलांच्या दोऱ्या दिसत होत्या. मी तिकडे बघत बसले, कारण चेतनाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

जियाने मला ओळखलं. "चित्रवाली मावशी," ती म्हणाली, "आजीनं होडी उतरवली का?"

मी म्हटलं, नाही गं बाळा. आजीला वेळ झाला नाही.

"मंग ती अजून वर हाय?"

चेतनाने मान वर केली. डोळे सुजलेले, पण नजर तुझीच. म्हणाली, "मावशी, त्या दिवशी फोनवर तू काय बोललीस मला?"

मला कळलं ती काय म्हणतेय ते. मी म्हटलं, चेतना, मला तुझ्या आईने बजावलं होतं, हात लावू नको म्हणून.

"आईनं सांगितलं ते आईपाशी," ती म्हणाली. "रीत आईच्या आधीची हाय. बोललीस ना खोटं? मंग सांग पुढं."

हंसाताई, मी चित्रं काढणारी बाई. मला गोष्ट सांगता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? वाक्य जुळवता जुळवता घाम फुटला. दारातून दिसत होतं तेवढंच माझ्याजवळ होतं, तर तिथूनच सुरू केलं. म्हटलं, होडी डोंगरावर कुडकुडत बसली होती. ते दोरीवरच्या एका बोंबलाला दिसलं. त्याने शेजाऱ्याला सांगितलं, पण तोंडात तोंड, शेजाऱ्याला काही कळेना.

"मंग त्यानं त्याला डोळा मारला," तुझी जाऊ म्हणाली.

बरं, डोळा मारला. मग सगळे बोंबील दोऱ्यांवरून उतरले. एकाने दुसऱ्याचा जबडा धरला आणि झाईपासून त्यांची लांबच लांब माळ निघाली. बोर्डी झाली, घोलवड झालं.

"घोलवडला लोकांनी नाकं धरली," शेजारची एक बाई म्हणाली, माझ्याकडे न बघता. एक-दोघी हसल्या. मीही.

हायवेवर ट्रकवाले थांबले, म्हटलं. गंजाडवरून माळ डोंगराला पोचली, वर चढली, आणि पहिल्या बोंबलाने होडीची कड दातांत पकडली. मग खाली सगळ्यांनी ओढायला सुरुवात केली.

जिया केव्हाची उठून माझ्यासमोर येऊन बसली होती. "जबडा धरला," ती म्हणाली, "पण मंग शेपटी कुणी धरली?"

दोन बोंबील जोडले की त्यांची जोडी होते. पुढची जोडी कशाला अडकणार? मला घाई झाली होती. म्हटलं, शेपटीला शेपटीची गाठ मारली.

"खोटं," जिया म्हणाली. "बोंबलाच्या शेपटीला गाठ नाय बसत."

बोलली आणि तिच्या ध्यानात आलं. तिने आईकडे बघितलं, मग तुझ्या जावेकडे. कुणी तिला सोडवणार नव्हतं. तुझी जाऊ म्हणाली, "आता तू सांग."

पोरीने बराच वेळ फ्रॉकचं टोक चावलं. मग म्हणाली, "शेपट्या पोरांनी धरल्या. दोन बोंबील, मंग एक पोरगं. मंग परत दोन बोंबील, मंग एक पोरगं."

मी विचारलं, कुठली पोरं?

"आमची. आणि तिकडची पण."

तिकडच्यांना तर होडी तिथेच हवी होती, मी म्हटलं. मला राहवलं नाही, तुझ्याशी वाद घालायची सवय आहे.

"हो," जिया म्हणाली, "पण ओढता ओढता ती पोरं पण आली ना इथं. पाणी बघाया."

आणि होडी?

"आली. वाळूवर हाय." तिने दाराकडे बोट केलं आणि आवाज एकदम खाली आणला. "दमली ती. आता झोपू द्या तिला. कुणी बोलू नका."

एवढ्या बायकांची खोली, आणि कुणी बोललं नाही. तुझी जाऊ पदर तोंडाला लावून बसली होती. मला तेव्हा रडू आलं, पहिल्यांदा, आणि ते येऊ दिलं. तुझी वाट बघणं त्या क्षणापर्यंत माझ्याकडून थांबलं नव्हतं, हेही तेव्हाच कळलं.

मघाशी मॅडमना फोन केला. शेवट बदललाय म्हटलं, होडी उतरते. त्यांनी विचारलं, म्हणजे हंसाताईंचा शेवट? मी म्हटलं नाही, त्यांच्या नातीचा, तिचंही नाव घाला. आता शेकडो बोंबील काढायचेत, जोडी जोडीने, आणि प्रत्येक जोडीमागे एक मूल. जीव जाईल माझा. ब्रश अजून कोरडा आहे, पण संध्याकाळपर्यंत भिजवीन.

एवढंच सांगायला बसले होते. काल जियाने गप्प बसवल्यावर थोड्या वेळाने चेतनाने ताट पुढे ओढलं आणि भात कालवला. मग आम्ही सगळ्या जेवलो.